अंग दुखतंय की दुखणं मुरलंय? या चुका टाळा

बेळगावकडं खानापूर भागात पावसात भाताची रोप लावणी चालू झाली की आमच्या काकूचं दरवर्षीचं ठरलेलं असतंय, पहिल्या दिवशी दिवसभर चिखलात वाकून रोपं लावून येते, रात्री जेवून झोपते, कायच वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावरनं उठायचं म्हटलं की दाराची चौकट धरावी लागते. चौथ्या पाचव्या दिवशी तेच काम करत करत सगळं मोकळं होतंय. आणि माझ्या आईचा उजवा खांदा, वडगावात मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून दुखायला लागला, तो वर्षभर दुखत राहिला. आम्ही दोन्हीला एकच म्हणत होतो, अंग दुखतंय. घोळ तिथंच झाला.

पहिली चूक म्हणजे दिवस न मोजणं. नवीन किंवा जास्त कामानं स्नायू दुखतात ते लगेच नाही, साधारण 12 ते 24 तासांनी चालू होतंय, 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतंय आणि आठवड्याच्या आत जातंय. येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन आला असाल तर बघा, चढताना धाप लागते पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या जास्त करून उतरल्यामुळं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो आणि त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. कामात स्नायूत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुखतंय असं जिममध्ये अजून सांगतात, ते खरं नाही, ते एक-दोन तासांत निघून जातंय. म्हणून दुखायला लागलं त्या दिवशी कॅलेंडरवर पेनानं खूण करा. आठवडा गेला आणि कमी नाही तर ते साधं अंग दुखणं नाही, आणि तीन महिन्यांच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला क्रॉनिक, म्हणजे मुरलेलं दुखणं, म्हणतात.

दुसरं, नेमकं कुठं दुखतंय ते न बघणं. साधं दुखणं बहुतेक दोन्ही मांड्या, दोन्ही दंड असं पसरून असतंय, दाबलं की कळतंय, जरा हिंडलं की सैल होतंय. एकाच सांध्यात बोट ठेवून दाखवता येतंय, काम करतानाच कळ आली, सूज आली, मुंग्या येतात, नाहीतर रोज सकाळी बोटं अर्धा तास आखडलेली असतात, तर ते वेगळं आहे, दाखवून घ्या.

तालमीत नाहीतर जिममध्ये नवीन पोरं पहिल्याच दिवशी ईर्षेनं 500 बैठका मारतात, हे मला लई काळजीचं वाटतंय. नंतर पाय सुजून ताठ झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलेलं असतंय आणि किडनी जाऊ शकते.

मेडिकलमधनं गोळ्या आणून महिना महिना खाणं तर घरोघरी आहे. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी रोज खाल्ली तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीवर ताण येतो, बीपी असेल तर ते वाढू शकतंय. दुखणं दबतंय, पण त्याचं मूळ तिथंच राहतंय.

छातीतनं डाव्या हातात कळ आणि घाम, पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, एकच पोटरी सुजून गरम होणं, यात वाट बघायची नाही. रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं, ताप, उगीच वजन उतरणं हे पण लवकर दाखवा.

आणि आमची स्वतःची चूक. आईचा एक्स-रे नॉर्मल आला, एका ठिकाणी सांगितलं की काय नाही, मनाला लावून घेऊ नका, आणि आम्ही पण तेच म्हणायला लागलो, वरनं हात गळ्यात बांधून दोन महिने आराम दिला. ती ओली चादर पिळताना भिंतीकडं तोंड करायची, आम्हाला दिसू नये म्हणून. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं नसतंय हो. काही दुखणी एक्स-रेत दिसतच नाहीत, आणि कधी मूळ इजा भरून आली तरी नसा आणि मेंदू इतके हळवे होऊन बसलेले असतात की थोडक्यातही दुखतंय. नुसत्या आरामानं सांधा आणखी आखडतो.

शेवटी मी एका कागदावर लिहून नेलं, कधीपासनं दुखतंय, कुठं, कशानं वाढतंय, रात्री किती वेळा जाग येते, आणि हे पण की तिला केसांत फणी फिरवता येत नाही. तो कागद वाचून डॉक्टर उठले आणि पहिल्यांदा कुणीतरी आईचा हात स्वतः धरून वर उचलून बघितला, खांद्याच्या वर जाईचना. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडून बसलेला खांदा, निघाला, आणि त्यांनी लगेच शुगर तपासायला लावली, कारण शुगरवाल्यांना हा जास्त होतो, तर तीपण वाढलेली निघाली. आता ती रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते आणि जिथंवर पोचला तिथं पेन्सिलीनं रेघ मारते, कालची रेघ स्विचबोर्डच्या वर चार बोटं होती.