एए मीटिंगला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

दारू सोडायची मनापासून इच्छा असलेली माणसं मीटिंगपर्यंत पोचण्याआधीच गळतात, आणि कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे ग्रुप) मीटिंगला नियमित जातो आणि नवीन येणाऱ्याला गेटवरून आत आणायचं काम आवडीनं करतो. त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

नुसत्या पत्त्यावर विसंबून निघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे ग्रुप कुठे महापालिकेच्या शाळेत भरतो, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे समाजमंदिरात. जागा दुसऱ्याची असते. शाळेला सुट्टी लागली किंवा दहावीची परीक्षा आली की वर्ग मिळत नाही आणि मीटिंग दुसरीकडे हलते.

ठाण्याकडच्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं सांगतो. मार्चमधली संध्याकाळ. थोरल्या भावाला सोबत घेऊन तो शाळेच्या गेटवर आला. हातातल्या कागदावरचा वार बरोबर, वेळ बरोबर. सकाळपासून एक घोट घेतला नव्हता, हात थरथरत होते म्हणून खिशात घालून उभा होता. वॉचमन म्हणाला, "इथं काही नाही, परीक्षा चालू आहे." ग्रुप त्या वेळी दोन गल्ल्या सोडून एका हॉलमध्ये बसला होता. भाऊ म्हणाला, "चल, पुढच्या आठवड्यात बघू." तो पुढचा आठवडा यायला दिवाळी उलटली. मधे कावीळ झाली, हॉस्पिटल झालं, नोकरी गेली.

एक फोन केला असता तर हे टळलं असतं. म्हणून मी कुणालाही नुसता पत्ता देत नाही. माझा नंबर देतो आणि सांगतो, "निघताना फोन करा, मी गेटवर उभा राहतो." एएची वेबसाइट किंवा हेल्पलाइन, नाहीतर जवळचं व्यसनमुक्ती केंद्र, कुठूनही ग्रुपमधल्या एका माणसाचा नंबर मिळवा. काहीच सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. फोनवर विचारा: जागा तीच आहे ना? मराठीत बोलतात की हिंदी-इंग्रजीत? ओपन आहे की क्लोज्ड? ओपन मीटिंगला घरचे बसू शकतात, क्लोज्ड फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी.

हात थरथरत असताना डॉक्टर टाळणं

रोज भरपूर पिणाऱ्यानं मनाच्या हिमतीवर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, दोन-तीन दिवसांत जीवावर बेतू शकतं. सकाळी प्यायल्याशिवाय हात स्थिर राहत नसतील तर आधी डॉक्टर. मीटिंगमध्ये औषधोपचार होत नाहीत. मीटिंग आणि उपचार दोन्ही चालू ठेवता येतात.

शेवटची प्रार्थना झाली की चप्पल घालून पळणं

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही. नवीन माणूस दारापाशी बसतो, दीड तास ऐकतो आणि कुणी बोलायच्या आत गायब होतो. मग घरी सांगतो, "जाऊन आलो, काही उपयोग नाही." अहो, उपयोगाचं बोलणं तर नंतर चहाच्या टपरीवर होतं! संध्याकाळी सातला तलफ येते तेव्हा काय करता, पगाराच्या दिवशी घरी कुठल्या रस्त्यानं जाता, लग्नात ग्लास पुढे आला तर काय म्हणता, हे तिथं विचारा. एएची सुरुवातच १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका दारुड्यानं दुसऱ्या दारुड्याशी बसून बोलण्यातून झाली. पंधरा मिनिटं आधी या, वीस मिनिटं उशिरा निघा, आणि दोघांचे तरी नंबर घेऊन निघा. त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी फोन करा, तलफ नसली तरी. सवय नसेल तर अडचणीच्या वेळी बोट नंबरवर जात नाही.

एका मीटिंगवरून ठरवू नका. एक ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा.

"आधी कमी करतो, मग येतो" असं म्हणू नका. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते; फी नाही, फॉर्म नाही. त्या दिवशी घेतली असेल तरी या, फक्त शांत बसून ऐका.

पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही.

घरच्यांनी शॉर्टकट शोधणं

जेवणात गुपचूप गोळी किंवा पावडर मिसळणं हा सरळ जीवाशी खेळ आहे. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध पोटात असताना पिणाऱ्यानं दारू घेतली तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. "न कळता दारू सोडवा" अशा जाहिरातींवर पैसे घालवणाऱ्या घरांबद्दल मला कळवळा वाटतो, पण तो मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही. वहिनी, तुम्ही त्याच्या वतीनं मीटिंगला बसू नका. तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांचा ग्रुप, वेगळा आहे. तो येवो न येवो, तुम्ही जा.

स्लिप झाल्यावर तोंड लपवणं

चार महिने सोबर राहून परत प्यायलेला माणूस लाजेनं ग्रुप बदलतो किंवा येणंच थांबवतो. त्याच ग्रुपमध्ये, त्याच आठवड्यात परत या. चेअरपर्सनला आत शिरतानाच सांगा, "माझी स्लिप झाली." कुणी उलटतपासणी घेणार नाही. त्या खोलीत तुमच्यासारखे परत आलेले अनेक जण बसलेले असतात, त्यांच्याच शेजारची खुर्ची घ्या.