चिनी ग्लेझ करताना या चुका टाळा

चाकावर वाटी नीट उभी राहायच्या आत नवशिके माझ्याकडे सेलाडॉनची, म्हणजे जेडसारख्या हिरवट ग्लेझची (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप), रेसिपी मागतात. मी ती लगेच देतो. फेल्स्पार, क्वार्ट्झ, चुनखडी, चायना क्ले आणि एक-दोन टक्के आयर्न ऑक्साइड, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण रेसिपी हातात आली की ग्लेझ जमलंच असं समजतात, आणि मग वर्षानुवर्षं त्याच चुका बघाव्या लागतात.

सगळ्यात महागात पडते ती रिडक्शन, म्हणजे भट्टीतली हवा कमी करून भाजणं, उशिरा सुरू करण्याची चूक. तांब्याच्या लाल ग्लेझला तर ती मारूनच टाकते. एका विद्यार्थ्याने गॅस वाचवायचा म्हणून १२०० अंश ओलांडेपर्यंत भट्टीत भरपूर हवा खेळू दिली आणि मग डॅम्पर (धुराड्याची झडप) ओढला. तोवर ग्लेझ वितळून बंद झालं होतं, आतल्या तांब्यापर्यंत काही पोचेना. फुलदाण्या फिकट हिरवट निघाल्या. रंग कमी पडला असं ठरवून पुढच्या वेळी त्याने तांबं कितीतरी वाढवलं आणि थरही जाड दिला. लाल आला तो काळपट, यकृतासारखा, आणि ग्लेझ ओघळून भांडी शेल्फला चिकटली. छिन्नीने सोडवताना दोन्हीचे तुकडे पडले.

तांबं अर्ध्या टक्क्याच्या आत पुरतं, सोबत एखादा टक्का टिन ऑक्साइड. रिडक्शन मी ९०० ते ९५० अंशांच्या दरम्यान सुरू करतो आणि झरोक्यातून मऊ, आखूड ज्योत दिसेल इतपतच ठेवतो. धुराड्यातून काळे लोट काढणाऱ्यांच्या ग्लेझमध्ये कार्बन अडकतो, रंग राखाडी होतो. ओघळणं मात्र या ग्लेझच्या स्वभावातच आहे. खांग्शी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) चिंगदचन या चिनी शहरात झालेल्या लाल भांड्यांचे काठ पांढरे दिसतात, कारण तिथलं ग्लेझ खाली सरकून पातळ झालेलं असतं. म्हणून बुडाकडची रुंद पट्टी मी कोरडी सोडतो आणि खाली जुन्या मातीची चकती ठेवतो.

सेलाडॉन पातळ लावतात, ही दुसरी. दक्षिण सुंग घराण्याच्या काळात चीनमधल्या लोंगछ्वानचे कुंभार थरावर थर देत. जेडसारखी खोली त्या जाडीतून आणि आत अडकलेल्या बारीक बुडबुड्यांतून येते. एकदा बुडवून काढलेल्या वाटीवर फक्त हिरवट काच दिसते. मी सुईने ओरखडा काढून जाडी बघतो. ‘अंदाज आहे मला’ म्हणणाऱ्यांचा अंदाज क्वचितच बरोबर असतो.

तेनमोकू (लोहामुळे काळं-तपकिरी होणारं ग्लेझ) पांढऱ्या पोर्सेलीनवर लावून तो फिका आला अशी तक्रार करू नका. तेनमोकू ज्यांवर असे त्या फुच्यान प्रांतातल्या च्यान भांड्यांची माती स्वतःच लोहाने काळी होती, आणि तिचं लोह ग्लेझमध्ये उतरे.

‘जून’ नावाच्या चिनी भांड्यांच्या निळ्या ग्लेझसाठी कोबाल्ट घालणं मला अजिबात मान्य नाही. तो निळा रंग ग्लेझ थंड होताना वेगळ्या झालेल्या काचेच्या सूक्ष्म थेंबांवर प्रकाश विखुरल्यामुळे दिसतो. कोबाल्टने त्याची नक्कलही धड होत नाही. भट्टी सावकाश थंड होऊ द्या, झाकण उघडायची घाई करू नका.

टेस्ट टाइल, म्हणजे ग्लेझ तपासायची मातीची पट्टी, आडवी ठेवून भाजू नका. उभी ठेवा, म्हणजे ग्लेझ किती ओघळतं ते दिसेल.

मुद्दाम तडे आणलेलं ग्लेझ जेवणाच्या भांड्यांच्या आत लावू नका. त्या भेगांत अन्न शिरतं आणि धुऊनही निघत नाही.