इतिहासातले गैरसमज खोडताना या चुका टाळा

नेपोलियन बुटका होता ही समजूत खोटी आहे, एवढे आता पुष्कळांना ठाऊक असते. पण ती खोटी कशी ठरते, असे विचारले तर नेमके उत्तर क्वचितच मिळते. १८२१ मध्ये त्याच्या शवविच्छेदनाच्या वेळी नोंदवलेली उंची ५ फूट २ इंच अशीच आहे आणि ती नोंद अस्सल आहे. मात्र ते फूट आणि इंच फ्रेंच आहेत. तिथला जुना इंच सुमारे २.७ सेंटिमीटरचा होता, आज आपण वापरतो तो २.५४ सेंटिमीटरचा आहे. हिशेब केला की ती उंची १६८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या मापाने साधारण ५ फूट ६ इंच भरते आणि त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत ती कमी मानली जाण्यासारखी नव्हती. जेम्स गिलरे या ब्रिटिश व्यंगचित्रकाराने त्याला आदळआपट करणारे ठेंगणे पात्र म्हणून आधीच रंगवले होते, त्यामुळे चुकीचा वाचलेला आकडा लोकांना सहज पटला. अशा वेळी कोणी ‘५ फूट २ इंच हे खोटे आहे’ असे ठासून सांगू लागला, तर ऐकणारा मूळ नोंद समोर ठेवतो आणि गैरसमज खोडणाराच खोटा पडतो. प्रामाणिकपणे तपासायला बसलेल्या माणसाकडून होणाऱ्या अशाच काही चुका येथे मांडल्या आहेत.

नाव तेच, माप वेगळे

मापाची हीच गफलत कोलंबसच्या कथेतही आहे, आणि तिथे तर ती स्वतः कोलंबसनेच केली. प्रचलित गोष्ट अशी की, सगळे लोक पृथ्वी सपाट मानत होते आणि तो एकटा तिला गोल म्हणत होता. वस्तुतः चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली वक्र दिसते, हा पुरावा ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच दिला होता, त्यानंतरच्या शतकात इरॅटोस्थेनिसने सावल्यांच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ मोजला होता, आणि तेराव्या शतकात सॅक्रोबोस्कोने लिहिलेल्या ज्या पाठ्यपुस्तकावर युरोपातील विद्यार्थी खगोलशास्त्र शिकत, त्यातही पृथ्वी गोलच होती. वाद होता तो तिच्या आकारमानाचा. अल्‌-फरघानी या खगोलशास्त्रज्ञाने एका अंशाचे अंतर सुमारे ५६.६७ मैल दिले होते. ते अरबी मैल होते आणि कोलंबसने ते त्याहून बरेच आखूड असलेले इटालियन मैल समजून घेतले. आशिया खंड पूर्वेकडे प्रत्यक्षापेक्षा खूप लांबवर पसरलेला आहे, असेही त्याने धरले. या दोन्हींमुळे कॅनरी बेटांपासून जपान पश्चिमेकडे सुमारे ४,४०० किलोमीटरवर असल्याचे त्याचे गणित निघाले, आणि खरे अंतर १९,००० किलोमीटरहून अधिक आहे. त्याला विरोध करणाऱ्या विद्वानांचे म्हणणे बरोबर होते. वाटेत अमेरिका आली नसती, तर जहाजांवरचे अन्नपाणी कधीच संपले असते. या विद्वानांना अडाणी ठरवणारी सपाट पृथ्वीची कथा एकोणिसाव्या शतकात फोफावली आणि १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन आयर्विंगच्या कोलंबस-चरित्राचा त्यात मोठा वाटा आहे.

तारखांची गोष्टही मापांसारखीच. गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हा योगायोग फार आवडीने सांगितला जातो. गॅलिलिओच्या मृत्यूची ८ जानेवारी १६४२ ही तारीख ग्रेगरियन, म्हणजे आजच्या पंचांगाची आहे, तर न्यूटनच्या जन्माची २५ डिसेंबर १६४२ ही तारीख इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या, दहा दिवस मागे पडलेल्या ज्युलियन पंचांगाची आहे. दोन्ही तारखा ग्रेगरियन पंचांगात आणल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो. दोन्ही ज्युलियन पंचांगात आणल्या तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला जातो. कोणतेही एकच पंचांग घ्या, वर्षे जुळत नाहीत. म्हणून दोन देशांतल्या तारखा शेजारी मांडण्यापूर्वी त्या कोणत्या पंचांगातल्या आहेत, हे पाहावेच लागते.

सरासरीला माणसाचे वय समजणे

मला सर्वांत घातक वाटतो तो सरासरी आयुर्मानाविषयीचा गैरसमज. प्राचीन किंवा मध्ययुगीन समाजाचे सरासरी आयुर्मान तीस-पस्तीस वर्षे होते असे वाचले की, तिशीतला माणूस तेव्हा म्हातारा समजला जात असेल, असा निष्कर्ष सहज निघतो. उदाहरणादाखल दहा बालके घ्या. त्यांपैकी चार जन्मानंतर लगेच दगावली आणि उरलेली सहा साठ वर्षे जगली, तर सरासरी ३६ येते, आणि छत्तिसाव्या वर्षी मेलेला मात्र त्यांत एकही नाही. पूर्वीच्या बहुतेक समाजांत जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी प्रौढ होण्याआधीच जात असत. सरासरी खाली ओढली जाते ती या बालमृत्यूंमुळे, आणि आकडा तपासताना ही मुले नजरेआड होतात म्हणून मला हा गैरसमज केवळ गणिताचा वाटत नाही. तरीही पुढे जाऊन ‘बालपण पार पडले की लोक आजच्याइतकेच जगत’ असे म्हणणेही चूक आहे. बाळंतपण, संसर्गजन्य रोग आणि दुष्काळ यांनी प्रौढांचेही बळी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक घेतले.

वाक्य आधी, नाव नंतर

‘भाकरी नसेल तर केक खा’ हे वाक्य फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या नावावर खपवले जाते. अशा उद्गारांची तपासणी करताना व्यक्तीच्या स्वभावाचा पुरावा शोधत बसू नये; वाक्य प्रथम कोठे आढळते आणि ती व्यक्ती तेव्हा कोठे होती, एवढेच आधी पाहावे. रूसो या तत्त्वचिंतकाने आपल्या आत्मकथनाच्या ज्या भागात हा किस्सा सांगितला आहे, तो १७६० च्या दशकातला आहे. त्याच्या किश्शात एक ‘थोर राजकन्या’ आहे, तिचे नाव नाही, आणि केकच्या जागी ब्रिओश हा लोणी-अंड्यांचा पाव आहे. १७५५ मध्ये जन्मलेली मारी आंत्वानेत तेव्हा ऑस्ट्रियात वाढणारी मुलगी होती. फ्रान्सला ती १७७० मध्ये आली. यावरून रूसोचा किस्सा तिच्याविषयी नव्हता, एवढे ठरते. ती गरिबांविषयी कनवाळू होती, असे यावरून मुळीच ठरत नाही.

खोडण्याचा अतिरेक

व्हायकिंग लोक शिंगांची शिरस्त्राणे वापरत नव्हते, हे योग्य आहे. नॉर्वेतील गेर्मुंडबू येथे १९४३ मध्ये सापडलेल्या त्यांच्या शिरस्त्राणाला शिंगे नाहीत, आणि शिंगांची कल्पना लोकांच्या मनात रुजली ती प्रामुख्याने १८७६ मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी डोप्लर याने केलेल्या वेशभूषेमुळे. पण ‘स्कँडिनेव्हियात शिंगांची शिरस्त्राणे कधी नव्हतीच’ हे विधान टिकत नाही, कारण डेन्मार्कमधील वेक्सो येथे तशी दोन सापडलेली आहेत. फक्त ती व्हायकिंगांच्या सुमारे १,७०० वर्षे आधीची, कांस्ययुगातली आहेत. रोमन सम्राट नीरोचेही तसेच. इसवी सन ६४ मध्ये रोम जळत असताना तो फिडल वाजवू शकत नव्हता, कारण ते वाद्य तेव्हा नव्हते, असे म्हणून विषय मिटवता येत नाही. तो तंतुवाद्य वाजवत असे, आणि त्याने त्या वेळी ट्रॉयच्या विनाशाचे गीत गायल्याची अफवा रोमन इतिहासकार टॅसिटसने अफवा म्हणूनच नोंदवली आहे. आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर अँटियम येथे होता, हे त्याच लेखकाने सांगितले आहे.

पिरॅमिडच्या बाबतीत हा अतिरेक अधिक होतो. १९९० पासून इजिप्तमधील गिझा येथे कामगारांची थडगी सापडत गेली आणि राजाच्या पिरॅमिडजवळ मानाने पुरलेली ही माणसे चाबकाखाली राबणारे गुलाम असतील, ही कल्पना मागे पडली. तिची जागा लगेच ‘पगारी, स्वखुशीने आलेले कारागीर’ या दुसऱ्या चित्राने घेतली, आणि त्यालाही पुरेसा आधार नाही. त्या काळी नाणीच नव्हती. मोबदला धान्य, भाकरी, बिअर अशा स्वरूपात मिळे, आणि राज्याला श्रम देणे हे पुष्कळांसाठी बंधनकारक कर्तव्य होते. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्‌-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांमध्ये मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड नावेत भरून खुफू राजाच्या पिरॅमिडकडे नेण्याच्या फेऱ्या त्याने दिवसागणिक टिपल्या आहेत, आणि त्याच कागदांत धान्याच्या पुरवठ्याचे हिशेबही आहेत. मेरेरच्या माणसांना ‘गुलाम’ किंवा ‘नोकर’ यांपैकी एका शब्दात बसवण्याआधी त्या फेऱ्या आणि ते हिशेब वाचायला हवेत.