दशांश, म्हणजे देवासाठी कमाईचा दहावा भाग, काढून ठेवला, आता द्यायचा कुठे?
पगार झाला की आधी दशांश बाजूला काढा, उरलं तर देऊ म्हटलं की काहीच उरत नाही. पहिला वाटा आपल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, पण बायबलमध्ये गलतीकरांस ६:१० मध्ये सगळ्यांचं, आणि विशेष करून विश्वासातल्या घराण्याचं बरं करा असं सांगितलंय ते विसरू नका, म्हणून बाकीचं पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनसारख्या ठिकाणी द्या, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी सुरू केलेलं काम आहे ते, मला तर फार जवळचं वाटतं, जमलं तर स्वतः जाऊन बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर लगेच पैसे टाकू नका, आधी ऑडिट रिपोर्ट मागा. ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, पाहिजे असेल तर २००० च्या वर कॅश नको. आणि शेजारच्या पोराची फी अडली असेल तर पावतीबिवती न बघता गुपचूप भरून टाका.