अंदाज जिल्ह्याचा, पाऊस आपल्या रानाचा

कोल्हापूर जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आला की तो गगनबावड्यात आणि शिरोळात एकाच भीतीने वाचला जातो. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळात तो पाच-सहाशेवर येतो. म्हणून इशारा घाटमाथ्यासाठी आहे की बाकी जिल्ह्यासाठी, हे आधी बघावे. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला वाचावा, मंडलातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडाही बघावा. पण केंद्र दोन-चार गावे पलीकडे असते आणि वळीव तर बांध बघून पडतो. पेरणी, खत आणि फवारणीचा निर्णय आपल्या रानात मोजलेल्या पावसावर घ्यावा.

पर्जन्यमापक विकत मिळतो, पण सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबाही चालतो. तोंड आणि बूड एकाच मापाचे हवे. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, त्यामुळे पट्टी बुडवून मोजले तर पाऊस जास्त दिसतो. डबा मोकळ्यावर, तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असा रोवावा. जवळचे झाड किंवा गोठा जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडावे. पाणी थोडे असेल तर पट्टीने नीट समजत नाही, तेव्हा ते मापाच्या नळीत ओतावे. तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असलेल्या डब्यात ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. मोजायची वेळ रोज सकाळी साडेआठ. घाटाकडच्या गावांत डबा खोल घ्यावा आणि संध्याकाळीही मोजून रिकामा करावा, नाहीतर रात्रीत ओसंडून जातो. १ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी, हे लक्षात ठेवले तर २५ मिलिमीटरच्या सरीनंतर उसाला मोटर चालू करायचा मोह होत नाही.

पावसाची नोंदवही जूनमध्ये नव्हे, वळवापासून सुरू करावी. वळवाचा पहिला दणका बसला की मुळे खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभळ, बोरीवर जमतात. त्याच आठवड्यात फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. एकट्याने करून उपयोग नाही, गावाने मिळून करायचे हे काम आहे. ही वेळ हुकली की अंडी जमिनीत जातात आणि ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडून उपटून येऊ लागतो. तेव्हाचा खर्च वेगळाच.

सोयाबीनचा पेरा मृगाच्या पहिल्या सरीवर करणाऱ्यांना दरवर्षी दुबार पेरणीची धास्ती असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा, मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघावा. वीतभर खड्डा घेऊन तळाची माती मुठीत दाबायची. गोळा होतो आणि खाली टाकला की फुटतो, तर पेरणीची घात आली. बोटांना चिकटली तर थांबा. कोरडीच निसटली तर वरची ओल फसवी आहे. बी ३ ते ५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. खोल पडलेले बी झडीनंतर वर आलेली पापडी फोडू शकत नाही. घरचे बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६० उगवले तर ३५ किलो धरावे.

पश्चिमेला भाताची काळजी वेगळी. राधानगरी, आजरा, शाहूवाडीत लावणीनंतर फेकलेला युरिया झडीत ओढ्याला जातो. चिखलात भाताच्या चार चुडांमध्ये एक युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचली तर खत मुळाशी राहते. फेकूनच द्यायचे असेल तर पुढचे दोन-तीन दिवस उघडीप असल्याचे बघून, बांधीतले पाणी उतरवून द्यावे. ढगाळ आणि गार हवा आठवडाभर टिकली की करपा रोगासाठी पाने तपासावीत. डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके दिसले की नत्राचा पुढचा हप्ता थांबवावा.

पाऊस मोजून भागत नाही ते पूरपट्ट्यात. शिरोळात टिपूस नसतानाही मळी, म्हणजे नदीकाठची रानं, पाण्याखाली जाते, कारण पाणी राधानगरी, गगनबावड्यात पडलेले असते. कृष्णा भरून वाहत असली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेला फुग येते, म्हणजे तिचे पाणी मागे तुंबते, आणि पाणी ओसरता ओसरत नाही. इथे दुसरा आकडा लिहावा तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. दरवाजे उघडल्याचा निरोप येईपर्यंत नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर आणि केबल वर काढायचे राहू नये. पूर ओसरल्यावर उसाचा शेंडा आधी बघावा. शेंडा पाण्यावर राहिला असेल तर चर काढून पाणी घालवले की ऊस सावरतो. शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसून कुजला असेल तर त्या उसाची वाढ संपली. कांडीवरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात, वजन आणि साखरेचा उतारा घटतो. असा फड तोडणीला आधी लावावा.

ऑगस्टच्या मध्यापासून सोयाबीनवर तांबेरा या बुरशीजन्य रोगासाठी पाळत हवी. कोल्हापूर-सांगली हा त्याचा हक्काचा पट्टा. रिमझिम, धुके, दिवसभर ओली पाने हे त्याचे दिवस. वरून पीक हिरवेगार दिसते, म्हणून खालची पाने उलटून बघावीत. तपकिरी फोड आणि बोटाला लागणारी भुकटी दिसली तर हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, १० लिटर पाण्याला १० मिलिलिटर, पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असे फवारावे. फवारणीनंतर किमान चार तास उघडीप लागते. नुसते चिकटद्रव्य टाकले म्हणून भर पावसात फवारलेले औषध टिकत नाही. फुले संगम, फुले किमया या वाणांवर तांबेरा कमी येतो, पण येतच नाही असे नाही.

हस्तात पाऊस दुपारनंतर गडगडाटासह येतो. सोयाबीनची काढणी सकाळी करावी, गंजी उंचवट्यावर घालून ताडपत्रीने झाकावी. खालून ओल लागलेल्या गंजीत शेंगांतच दाणे फुगतात. मळणी १३-१४ टक्के ओलाव्यावर करावी आणि बियाण्यासाठी ठेवायचे असेल तर मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवावेत.