हायब्रीड स्पोर्ट्स कार घ्यायची की मोठ्या इंजिनवाली, ठरवायचं कसं

पॉवरचा आकडा आधी बाजूला ठेवा. वजन बघा आणि हायब्रीड (पेट्रोल इंजिन अधिक इलेक्ट्रिक मोटर) असेल तर बॅटरी किती किलोवॉट-अवरची आहे, म्हणजे किती वीज साठवते, ते बघा, खरा फरक तिथेच कळतो.

सगळ्यात भारी उदाहरण शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं, एकाच गाडीच्या दोन मॉडेल्समध्ये दोन्ही रस्ते. झेड०६ मध्ये ५.५ लिटरचं व्ही८, ६७० एचपी, ८,६०० आरपीएमपर्यंत फिरतं. ई-रे मध्ये ६.२ लिटरचं व्ही८ आणि पुढच्या चाकांना १६० एचपीची मोटर, मिळून ६५५. म्हणजे एचपी कमी, तरी ०-६० मैलाला कंपनीचाच आकडा ई-रेचा २.५ सेकंद आणि झेड०६ चा २.६, कारण चारही चाकं ओढतात आणि मोटरचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) पहिल्या क्षणापासून हजर असतो.

पण आता हिशोब करा. ई-रेची बॅटरी १.९ किलोवॉट-अवर, मोटर साधारण ११९ किलोवॉटची, म्हणजे फुल जोर लावून ठेवला तर बॅटरी मिनिटभरही पुरत नाही. ब्रेक मारला की परत भरते हे खरं, म्हणून वळणावळणाच्या रस्त्यावर चालून जातं, पण ट्रॅकवर सलग वीस मिनिटं गाडी पिळायची असेल तर शेवटच्या लॅपलाही पहिल्यासारखा जोर मिळतो का हे विचाराच. मोठ्या इंजिनाला टाकीत पेट्रोल असेपर्यंत ही चिंता नाही, फक्त कूलिंग चांगलं पाहिजे.

मोठी बॅटरी म्हणजे वजन. मर्सिडीज-एएमजीने सी६३ या गाडीतलं ४ लिटरचं व्ही८ काढून २ लिटरचं चार सिलेंडर आणि प्लग-इन हायब्रीड (प्लग लावून चार्ज करायची) दिलं, पॉवर ५१० वरून ६८० पीएसवर (पीएस म्हणजे जवळजवळ एचपीच) गेली पण गाडी २,१०० किलोच्या आसपास पोचली. ब्रेक, टायर, वळणातला हलकेपणा, सगळ्यावर परिणाम होतो. उलट पोर्शेने ९११ जीटीएसला १.९ किलोवॉट-अवरचीच बॅटरी दिली, प्लग नाहीच, टर्बो फिरवायला छोटी मोटर बसवली त्यामुळे लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर, जवळजवळ गेला, आणि वजन वाढलं फक्त ५० किलो. मला विचाराल तर हायब्रीड घ्यायचीच तर अशी घ्या. प्लग-इन त्यांनीच घ्यावी ज्यांचं रोजचं जाणं-येणं कमी आहे आणि घरी चार्जिंग आहे.

आवाज आवडत असेल तर स्वतःशी खोटं बोलू नका, मोठं इंजिन घ्या.

टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून एकदम पाय दाबून बघा, मग हळूच ब्रेक दाबत थांबा, मोटरचं ब्रेकिंग संपून खरे ब्रेक लागतात तिथे पेडल अडखळतं का ते पायाला कळतं. आणि हेच सगळं बॅटरी जवळजवळ रिकामी असताना परत करा, सेल्समन फुल चार्ज केलेलीच गाडी देणार.