घरच्या म्युझिक सर्व्हरवरची गाणी दिसेनात? या चुका टाळा

सगळ्या सीडी उतरवून गाणी नासवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) टाकली, मॅकचं म्युझिक ॲप तिकडे वळवलं, काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी गाण्यांसमोर उद्गारचिन्हांची रांग. अशा वेळी गाणी बहुतेकदा जागच्या जागी असतात, ॲपला त्यांचा पत्ता लागत नसतो इतकंच. नुकसान होतं ते पुढच्या घाईत. लोक लायब्ररी रिकामी करतात आणि सगळं फोल्डर नव्याने ओढून टाकतात. गाणी दिसू लागतात, पण रेटिंग, प्लेलिस्ट, कुठलं गाणं किती वेळा वाजलं याची नोंद, सगळ्यावर पाणी. म्हणून काहीही डिलीट करू नका.

आपल्याकडे पहिला संशय विजेवर घ्यावा. लाइट जाऊन आली की राउटर आणि नास नव्याने सुरू होतात आणि नासला जागं व्हायला काही मिनिटं लागतात. लॅपटॉप बॅटरीवर तयारच असतो. तेवढ्यात म्युझिक ॲप उघडलं तर त्याला नासवरचं फोल्डर सापडत नाही आणि ते चक्क न विचारता मीडिया फोल्डरची, म्हणजे गाणी साठवायची, जागा लॅपटॉपच्या डिस्कवर नेऊन ठेवू शकतं. जुन्या आयट्यून्सचीही हीच खोड होती; 2019 मध्ये मॅकवर त्याच्या जागी म्युझिक ॲप आलं, स्वभाव तोच. लक्षात येईपर्यंत चार नवे अल्बम भलतीकडे साठलेले असतात.

उपाय सोपा आहे. ॲप बंद करा, फाइंडरमध्ये (मॅकच्या फाइल्स पाहायच्या खिडकीत) नासचं शेअर, म्हणजे नेटवर्कवरून दिसणारं फोल्डर, उघडून गाणी दिसतात का पाहा, मग ॲप उघडून सेटिंग्जच्या ‘फाइल्स’ टॅबमध्ये जागा पूर्ववत करा. भरकटलेल्या फाइल्स ‘कन्सॉलिडेट’ केल्या की नासवर कॉपी होतात. लायब्ररीच कोरी दिसत असेल, तर ऑप्शन की दाबून ॲप उघडा आणि जुनी लायब्ररी निवडा. नास आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. एकालाच दिला तर उपयोग नाही.

शेअर दिसतंय, तरी उद्गारचिन्हं हटत नाहीत? मग नाव नीट वाचा. आधीचं शेअर अर्धवट तुटलेलं असताना पुन्हा जोडलं, तर मॅक त्याला ‘म्युझिक’ऐवजी ‘म्युझिक-1’ म्हणून बसवतो. ॲप शोधतंय जुना पत्ता. शेअर इजेक्ट करून मॅक रीस्टार्ट केला की बहुधा सुटतं. नासचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, तो बदलल्यानेही अशीच पंचाईत होते.

लायब्ररीची फाइल, म्हणजे प्लेलिस्ट, रेटिंग वगैरेंची ॲपची नोंदवही, मात्र नासवर नको. गाणी तिकडे, लायब्ररी कॉम्प्युटरवर. एकच लायब्ररी दोन कॉम्प्युटरवर एकदम उघडली तर ती बिघडू शकते.

मराठी नावांच्या फाइल्सची एक खास डोकेदुखी आहे. ‘वाऱ्यावर’मधला ऱ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). डोळ्यांना फरक दिसत नाही, लिनक्सवर चालणाऱ्या नासला मात्र त्या दोन वेगळ्या फाइल्स वाटतात. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आलेली नावं हमखास दुसऱ्या प्रकारची असतात. अशी मोजकीच गाणी अडत असतील तर फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा आणि मराठी नाव टॅगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या गाण्याच्या माहितीत, लिहा. ॲपमध्ये दिसायचं ते टॅगमधलंच.

चित्रपटाचा अल्बम तुकड्यातुकड्यांत दिसतो, कारण प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा. ‘अल्बम आर्टिस्ट’च्या रकान्यात सगळीकडे संगीतकाराचं नाव भरा.

आणि गाणं अडखळलं की नवा राउटर आणायची घाई नको. सीडीच्या दर्जाचं संगीत सेकंदाला जेमतेम 1.4 मेगाबिट मागतं, साधं वायफायही तेवढं पुरवतं. फक्त पहिलंच गाणं सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर नासची डिस्क झोपलेली असते. तिची झोपेची वेळ नासच्या सेटिंग्जमध्ये वाढवा.